फूल जुने, नाव नवे

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास दिसते. सह्याद्रीतील अमुक घाटात किंवा तमुक पठारावर नव्या वनस्पतीचा शोध लागला, एवढाच तिचा आशय असतो. सोबत बोटाच्या पेरावर मावेल अशा फुलाचे छायाचित्र, संशोधकांची नावे आणि उच्चारताना जीभ अडखळावी असे एक लांबलचक लॅटिन नाव. वाचक ते कौतुकाने वाचतो. पण मनात एक शंका राहतेच. हे फूल कालपर्यंत तेथे नव्हते काय? त्या घाटातून रोज शेळ्या नेणाऱ्या गुराख्याने ते कधी पाहिलेच नसेल काय?

शंका रास्त आहे. गुराख्याने ते फूल पाहिलेले असते. त्याच्या आजोबांनीही पाहिलेले असते, आणि कदाचित त्याला घरगुती नावही असते. वनस्पतिशास्त्रात ‘नवी जाती’ या शब्दांचा अर्थ नव्याने उत्पन्न झालेली वनस्पती असा नसून जिचे शास्त्रीय वर्णन अद्याप कोणी प्रसिद्ध केलेले नाही अशी वनस्पती, असा आहे. ती दृष्टीस पडणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग होय. जिला आपण पाहत आहोत ती आजवर वर्णन केलेल्या कोणत्याही वनस्पतीशी जुळत नाही, हे सिद्ध करणे हा मोठा भाग. त्यासाठी डोंगरापेक्षा ग्रंथालयात आणि सुकवलेल्या वनस्पतींच्या कपाटांपुढे अधिक वेळ घालवावा लागतो.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा घोळ दूर करणे बरे. बातम्यांमध्ये सर्रास ‘नवी प्रजाती’ असे लिहिले जाते. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, आणि जाती म्हणजे स्पीशीज. वड, पिंपळ आणि उंबर या तीन निरनिराळ्या जाती. मात्र तिन्ही फायकस या एकाच प्रजातीत मोडतात. नवी प्रजाती सापडणे ही फार दुर्मीळ घटना आहे. बातमीतली वनस्पती बहुतेक वेळा नवी जाती असते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर असे शोध लागावेत यात नवल नाही. तेथे पाऊस धो धो पडतो, कडेकपारी दुर्गम आहेत, आणि जगात इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पतींसाठी तो प्रदेश प्रसिद्धच आहे. २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडाच्या परिसरात आढळलेल्या कंदीलपुष्पाच्या जातीला छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ सेरोपेजिया शिवरायीआना हे नाव देण्यात आले आणि २०२५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा राज्यभर तिची चर्चा झाली. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या आसपासचा मराठवाडा यांचे नाव अशा बातम्यांत क्वचितच येते. काळ्या कातळाचा, मोजक्या पावसाचा, उन्हाळ्यात पिवळा पडणारा हा मुलूख. येथे नवे ते काय सापडणार, असा समज असतो. या समजाला छेद देणारी एक वनस्पती याच शहरातील अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. दिसायला ती अगदी सामान्य आहे: शेताच्या बांधावर आणि माळावर उगवणारे, गुरे आवडीने खातात असे एक गवतासारखे झुडूप.

शास्त्रात या गटाला ॲलिसिकार्पस म्हणतात. मराठी नोंदींत त्याच्या काही जातींसाठी ‘शेवरा’ हे नाव आढळते. तूर, हरभरा, भुईमूग ज्या कुळात येतात त्याच शिंबावंत कुळातला हा गट. ग्रीक भाषेत ‘हॅलिसिस’ म्हणजे साखळी आणि ‘कार्पोस’ म्हणजे फळ. शेवऱ्याची शेंग खरोखरच साखळीसारखी असते; एकेका बियेचे एकेक पेर एकाला एक जोडलेले, आणि वाळल्यावर ती पेरे सुटी होऊन गळून पडतात. जगात या प्रजातीच्या सुमारे तीस जाती मानल्या जातात, आणि त्यांचा मोठा वाटा भारतीय उपखंडात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात यातील एका आशियाई जातीची ‘ॲलिस क्लोव्हर’ या नावाने चाऱ्यासाठी लागवड होते, एवढी ती पौष्टिक आहे. इकडे मात्र बहुतेक शेतकरी तिला तण म्हणूनच ओळखतात.

शेवऱ्याची ओळख पटवणे हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या संयमाची परीक्षा पाहणारे काम आहे. पाने बहुधा एकेरी, साधी. ती एकाच झाडावर कधी गोल, कधी भाल्यासारखी लांब. फुले काही मिलिमीटरची, गुलाबी, जांभळट किंवा नारिंगी छटेची. पानांवरून आणि फुलांच्या रंगावरून निर्णय करू गेल्यास फसगत ठरलेली. खरी ओळख शेंगेत आणि तिच्या तळाशी असलेल्या निदलपुंजात, म्हणजे फुलाबाहेरच्या हिरव्या आवरणात, दडलेली असते. हे आवरण शेंगेच्या पहिल्या पेरापेक्षा आखूड आहे की लांब, त्याचे दाते एकमेकांवर चढलेले आहेत की सुटे, दोन पेरांच्या मध्ये शेंग आवळलेली आहे की सरळ, पेराचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, जाळीदार आहे की आडव्या सुरकुत्यांचा, हे सारे भिंगाखाली पाहावे लागते. मोनिलिफर ही जाती मण्यांच्या माळेसारख्या शेंगेवरून ओळखतात, टेट्रागोनोलोबस चौकोनी शेंगेवरून, आणि रुगोसस सुरकुत्यांवरून. नावातच लक्षण सांगण्याची ही पद्धत जुनीच आहे.

आता प्रश्न असा, की अशा सामान्य, गावोगाव उगवणाऱ्या गटातील काही जाती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अज्ञात कशा राहिल्या? याच्या उत्तराचा एक भाग वनस्पतिशास्त्रात नाही, राजकीय नकाशात आहे.

एखादी वनस्पती नवी आहे असे म्हणण्यासाठी त्या प्रदेशातील जुन्या वनस्पतींची यादी हाती असावी लागते. अशा सविस्तर ग्रंथाला फ्लोरा म्हणतात. त्यात त्या प्रदेशातील प्रत्येक जातीचे वर्णन, आढळस्थान, फुलण्याचा काळ आणि ओळख पटवण्याच्या किल्ल्या दिलेल्या असतात. ब्रिटिश अमदानीत पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा फ्लोरा सिद्ध केला. कोकण, देश, खानदेश, गुजरात, इतकेच नव्हे तर सिंधपर्यंतच्या वनस्पती त्यात आल्या. महाराष्ट्रातील वनस्पतिअभ्यासकांच्या पिढ्या त्या ग्रंथावर पोसल्या. परंतु मराठवाडा मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इलाख्याची सीमा जेथे संपली तेथे कुक यांच्या ग्रंथाचेही कार्यक्षेत्र संपले. संस्थानासाठी १९११ मध्ये पार्ट्रिज यांनी तयार केलेला वनवृक्षांचा ग्रंथ होता. पण त्याचा हेतू वनखात्याच्या गरजेपुरता होता. बांधावरच्या, वर्षभरात उगवून वाळून जाणाऱ्या इवल्या वनस्पतींकडे पाहण्याचे कारण वनखात्याला नव्हते. वनस्पतींना सीमा कळत नसली तरी त्यांची नोंद ठेवणाऱ्यांना कळते, आणि त्याचा परिणाम अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ ते हेच. तेथील वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. व्ही. एन. नाईक यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून वनस्पती गोळा करण्याचे काम हाती घेतले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्याचा त्यांचा फ्लोरा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सबंध मराठवाड्याचा दोन खंडांचा फ्लोरा १९९८ मध्ये औरंगाबादेतूनच निघाला. म्हणजे कुक यांचा शेवटचा भाग आणि हा ग्रंथ यांच्यात नव्वद वर्षांचे अंतर आहे. देशभरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना नाईक हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेकांनी परीक्षेसाठी पाठ केले आहे. पुस्तकातील नियम शिकवणारा लेखक स्वतः उन्हापावसात माळ तुडवत होता, याची कल्पना त्यातील थोड्यांनाच असेल.

शेवऱ्याचा धागा येथे जुळतो. नाईक आणि औरंगाबादचेच वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. डी. एस. पोकळे यांनी मिळून ॲलिसिकार्पस लुटिओव्हेक्सिलॅटस या नव्या जातीचे वर्णन केले. नावाचा अर्थ सरळ आहे: जिच्या फुलाची ध्वजासारखी वरची मोठी पाकळी पिवळी आहे ती. पुढे पोकळे यांनी आणखी काही जाती वेगळ्या काढल्या. त्यांपैकी एकीला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव दिले, तर दुसरीला नाईकियानस असे नाव दिले. (महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याशी या नावाचा संबंध नाही, हे नाव प्राध्यापक नाईक यांचे.) २०१३ मध्ये औरंगाबादशी नाते असलेल्या चव्हाण, सरदेसाई आणि पोकळे या संशोधकांनी लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानाच्या ‘क्यू बुलेटिन’मध्ये आणखी एक जाती प्रसिद्ध केली आणि तिला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक एम. संजप्पा यांचे नाव दिले. त्यानंतर घोलामी आणि ए. के. पांडे यांनी शेवऱ्याच्या ज्या जाती वर्णिल्या, त्यांतील एकीचे नाव आहे गौतालेन्सिस. कन्नड तालुक्यातील गौताळा अभयारण्याची ही आठवण आता जगातील प्रत्येक वनस्पतिसूचीत नोंदली गेली आहे. दुसरीचे नाव पोकलियानस. ज्याने आयुष्यभर शेवऱ्याला नावे दिली, त्याचेच नाव शेवऱ्याला मिळाले.

हे नाव देणे म्हणजे बारसे नव्हे. त्यामागे जवळपास कायद्याच्या काटेकोरपणाची एक व्यवस्था उभी आहे.

अभ्यासक भाद्रपद-आश्विनात माळावर जातो तेव्हा त्याच्याजवळ खुरपे, भिंग, वही आणि लाकडी पट्ट्यांचा दाबसाचा असतो. फूल आणि शेंग दोन्ही असलेले झाड मुळासकट काढायचे, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, आणि रंग, वास, उंची, जमीन, सोबतच्या वनस्पती या वाळल्यावर नाहीशा होणाऱ्या गोष्टी तेथेच वहीत टिपायच्या. मग झाड कागदांच्या घड्यांत दाबून वाळवायचे. हे कागद बहुधा जुन्या वर्तमानपत्रांचेच असतात. शाईचा कागद ओल चांगली शोषतो आणि रद्दी स्वस्त मिळते, त्यामुळे मराठवाड्यातील कित्येक दुर्मीळ वनस्पती वर्षानुवर्षे जुन्या अग्रलेखांच्या कुशीत वाळत आल्या आहेत. वाळलेले झाड कीड लागू नये म्हणून रसायनाने शुद्ध करून जाड कागदावर चिकटवतात. खालच्या कोपऱ्यात स्थळ, तारीख, संग्राहकाचे नाव आणि क्रमांक येतो. अशा कागदांचे कपाटांत लावलेले भांडार म्हणजे हर्बेरियम. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे, अशी भांडारे महाराष्ट्रात आहेत. क्यू येथे अशा सुमारे सत्तर लाख नमुन्यांचा साठा आहे.

संशय येतो तो सहसा या टप्प्यावर. एखादा नमुना ग्रंथातील किल्लीला दाद देत नाही. दोन जातींच्या मधेच कुठेतरी लटकतो. अननुभवी माणूस येथे हुरळून जातो. अनुभवी माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. झाड खुरटलेले असेल, सावलीत वाढले असेल, गुरांनी खाऊन पुन्हा फुटलेले असेल, दोन जातींचा संकर असेल. म्हणून पुढच्या वर्षी त्याच जागी जायचे, निरनिराळ्या ठिकाणची झाडे पाहायची, जमल्यास बिया पेरून सारख्या परिस्थितीत वाढवून पाहायची. वेगळेपण टिकते का? टिकले, तर त्या प्रजातीच्या साऱ्या ज्ञात जातींशी एकेक करून तुलना करायची. केवळ वर्णने वाचून भागत नाही, मूळ नमुने पाहावे लागतात, आणि ते युरोपातील एखाद्या कपाटात असतात. आज त्यांची उत्तम छायाचित्रे संगणकावर मिळतात. नाईक यांच्या काळात पत्र लिहून वाट पाहावी लागे. याखेरीज परागकणांची सूक्ष्मदर्शक चित्रे, गुणसूत्रांची संख्या, अलीकडे डीएनएचा पुरावा हेही जोडले जाते. शेवऱ्याच्या गटात काही जातींत १६ तर काहींत २० गुणसूत्रे आढळतात, आणि ही संख्या नातेसंबंध उलगडण्यास उपयोगी पडते.

वेगळेपणाची खात्री पटल्यावर आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचा अंमल सुरू होतो. वनस्पतींच्या नावांचा इतिहास कार्ल लिनियसच्या १७५३ मधील ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथापासून मोजायचा, एकाच जातीला दोन नावे मिळाली तर आधीचे ग्राह्य धरायचे, हे तिचे पायाभूत नियम. १ जानेवारी १९५८ पासून आणखी एक अट आहे, आणि या सर्व व्यवस्थेचा कणा तीच आहे. नव्या जातीचे वर्णन करताना एक विशिष्ट नमुना प्ररूप म्हणून निश्चित करावा लागतो. तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे हेही आता सांगावे लागते. यापुढे ते नाव त्या एका कागदावरील एका वाळलेल्या झाडाशी कायमचे बांधले जाते. शंभर वर्षांनी कोणी म्हणाले की वर्णन चुकीचे होते, तरी वाद वर्णनावर सुटत नाही. कपाट उघडून तो कागद पाहिला जातो. जमिनीच्या तंट्यात अखेर सातबारा काढतात, तसाच हा प्रकार.

दुसरी अट भाषेची होती. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन किंवा तिचे वेगळेपण सांगणारा मजकूर लॅटिन भाषेत असणे बंधनकारक होते. त्याशिवाय नाव वैध ठरत नसे. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या, इंग्रजीशीच झगडत मोठ्या झालेल्या अभ्यासकाने माळावरच्या एका तणासाठी रोमन साम्राज्याची भाषा जुळवावी, हे दृश्य आज गमतीचे वाटेल. पण त्या काळातील प्रत्येक नव्या जातीमागे ते कष्ट आहेत. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते, आणि छापील अंकाऐवजी संगणकीय प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. नाव मात्र लॅटिन धाटणीचेच राहते. त्यामुळेच संजप्पा यांच्या नावाला ‘संजप्पे’ असा स्त्रीलिंगी वाटणारा प्रत्यय लागला. मूळ नाव आकारान्त असले की लॅटिनचा नियम तसाच चालतो, व्यक्ती पुरुष असली तरी. आपण शोधलेल्या जातीला स्वतःचेच नाव द्यायचे नाही, हा मात्र लिखित नियमापेक्षा शिष्टाचाराचा भाग आहे. नाव देण्याचा मान दुसऱ्याला द्यायचा, या रिवाजातून काही हृद्य नावे जन्मली. १८९४ मध्ये वर्णन झालेल्या, मराठीत सोनघंटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुंदर झुडुपाचे नाव आहे अब्युटिलॉन रानडेई. हे रानडे म्हणजे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वनस्पतिसंग्रहाची देखभाल करणारे एन. बी. रानडे. वर्णन करणाऱ्यांची नावे वुड्रो आणि स्टाफ. पण फुलावर नाव राहिले ते रानड्यांचे.

नवीन नाव प्रसिद्ध झाले म्हणजे ते अढळ झाले असे नाही. आजवर वनस्पतींना दिलेल्या जातिनामांची संख्या दहा लाखांच्या वर जाते. आणि मान्य असलेल्या संवहनी वनस्पतींच्या जाती साडेतीन लाखांच्या आसपास आहेत. उरलेली बहुतेक नावे एकाच वनस्पतीला निरनिराळ्या लोकांनी दिलेली, नंतर एकत्र केलेली. शेवऱ्यासारख्या बदलत्या रूपाच्या गटात तर हा धोका अधिकच. एकाला जे दोन जातींतले अंतर वाटते, ते दुसऱ्याला एकाच जातीतले वैविध्य वाटू शकते. यात कोणाचा अपमान नसतो. जातीचे वर्णन हे पुराव्यासह मांडलेले एक विधान असते, आणि विधान तपासले जाण्यासाठीच असते. बातमीत मात्र ही बाजू कधीच येत नाही. ‘नवी वनस्पती सापडली’ एवढे ठळक छापले जाते, ‘ती जुनीच निघाली’ हे कोणी छापत नाही.

बातमीतला आणखी एक घोटाळा सांगण्याजोगा आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था दरवर्षी देशातील नव्या शोधांची यादी प्रसिद्ध करते. २०२३ च्या यादीत बुरशी, शेवाळ, दगडफूल अशा सर्वांसह ३३९ नोंदी होत्या. पण त्यांपैकी विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या १७१. बाकीच्या १६८ जगात अन्यत्र ठाऊक असलेल्या, भारतात प्रथमच आढळलेल्या होत्या. दोन्हींचे मोल वेगळे आहे. जगभरात २०१५ या एका वर्षात २,०३४ नव्या संवहनी वनस्पतींची नोंद झाली, असे क्यूच्या अहवालात म्हटले होते. पृथ्वीवरील फुलझाडांची मोजदाद संपत आली आहे, हा समज यावरून दूर व्हावा.

या मोजदादीत उशीर कोठे होतो, याचे उत्तर अनपेक्षित आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या म्हणून वर्णिलेल्या फुलझाडांचा पहिला नमुना प्रत्यक्षात कधी गोळा झाला होता, हे त्यात तपासले होते. पहिल्या संग्रहानंतर पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती होत्या अवघ्या १६ टक्के. जवळपास एक चतुर्थांश जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने कपाटात होते. कोणीतरी झाड आणले, वाळवले, चुकीच्या किंवा अर्धवट नावाने ठेवून दिले, आणि ते झाड आपल्या अभ्यासकाची वाट पाहत राहिले. नव्या जातींचे एक मोठे जंगल कपाटांतच उभे आहे, आणि त्या जंगलात जाणाऱ्यांची संख्या घटत आहे. वर्गीकरणशास्त्र हा जुनाट विषय मानला जातो. त्याला निधी कमी, नोकऱ्या त्याहून कमी. एखाद्या प्रजातीत मुरलेला प्राध्यापक निवृत्त झाला की त्या गटाची नजर त्याच्याबरोबर जाते. औरंगाबादेत शेवऱ्याच्या बाबतीत नाईकांकडून पोकळ्यांकडे, पोकळ्यांकडून पुढच्या संशोधकांकडे ही नजर पोहोचली. असे सर्वत्र घडत नाही.

उशिराची किंमत वनस्पती चुकवते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत एखाद्या जातीला संकटग्रस्त म्हणून स्थान मिळण्यासाठी आधी तिला वैध नाव हवे. ज्या झाडाला नाव नाही त्याच्या वतीने कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात दोन ओळी लिहिता येत नाहीत. अरण्यातील वृक्षाला निदान वनखात्याची सीमा आडवी येते. शेवऱ्याचे घर मात्र माळरान, गायरान आणि बांध हे आहे. सरकारी दफ्तरात अशा जमिनींची गणना बहुधा पडीक म्हणून होते. पडीक म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे भरण्याजोगी, असा हिशेब मग आपोआप मांडला जातो. शहर चोहोबाजूंनी पसरते आहे, बांध अरुंद होत आहेत, तणनाशकांच्या फवाऱ्यात कोणते तण नवे नि कोणते जुने हे विचारण्याची सोय नाही. हिरवळ वाढावी म्हणून गवताळ माळावर सदिच्छेने केलेले वृक्षारोपणही या उन्हाळी स्वभावाच्या वनस्पतींना मारकच ठरते; त्यांना सावली मानवत नाही.

कोरड्या दख्खनमध्ये अजून काय शिल्लक आहे याची चुणूक मधूनमधून मिळते. सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातील संशोधकांनी २०१४ मध्ये क्रायनम या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या कंदवर्गातील एक नवी जाती वर्णिली आणि तिला सोलापुरेन्स असे नाव दिले. शेवऱ्यासारखे ते इवलेसे तण नव्हे. कंदातून उगवणारी ही चांगली ठसठशीत वनस्पती आहे. तरीही एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडेपर्यंत तिला स्वतःचे नाव नव्हते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जाती शोधणाऱ्याने तिची माहिती शासनाने नेमलेल्या भांडाराला कळवणे आणि तिचा नमुना तेथे जमा करणे आवश्यक आहे. तरतूद चांगली आहे. पण नमुना ठेवायला कपाट लागते, कपाटाला कीड लागू नये म्हणून माणूस लागतो, आणि दहा वर्षांनी तोच कागद बाहेर काढून ‘हे काही जुळत नाही’ असे म्हणू शकणारा डोळा लागतो. गौताळ्याच्या पठारावर पावसाळा ओसरताना शेवऱ्याच्या शेंगा धरतात. वाळल्या की त्यांची पेरे सुटतात आणि मातीत मिसळतात, आणि त्या वर्षीचा पुरावा संपतो. अभ्यासकाला त्या माळावर पोहोचण्यासाठी तेवढे काही आठवडेच मिळतात.